फळी चढून दाखव

आभाळ दोन दिवसांपासून नुसतं गुरगुरत होतं. पाऊस काही पडत नव्हता, पण वीटभट्टीवर कुणाच्याच जिवाला थारा नव्हता. उघड्यावर वाळत घातलेल्या कच्च्या विटांवर एक सर जरी आली असती तरी सगळं काम परत चिखलात गेलं असतं. मुकादमाने म्हणून सकाळपासूनच सगळ्यांना जुंपलं होतं. निम्मे लोक ताडपत्र्या ओढत होते, निम्मे पक्क्या विटा ट्रकमध्ये भरत होते, आणि मुकादम मधे उभा राहून दोघांवरही ओरडत होता.

म्हातारी भरणाऱ्यांत होती. म्हातारी म्हणजे काही काठी टेकत चालणारी नव्हे. केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, पण डोक्यावर चुंबळ ठेवून तिच्यावर विटांची चळत रचली की ती फळी चढून जायची ती भल्याभल्यांनी बघत राहावं अशी. फळी म्हणजे जमिनीपासून ट्रकच्या पाठीपर्यंत तिरपी टेकवलेली लांब, अरुंद लाकडी पट्टी. मधोमध पाऊल पडलं की ती खाली लवते आणि परत वर उसळते. ते उसळणं पायाला माहीत असावं लागतं.

म्हातारीच्या मागोमाग तिची सून असायची. सुनेला भट्टीवर सगळे रेडिओ म्हणायचे, कारण डोक्यावर ओझं असो की तोंडात घास, तिचं बोलणं चालूच.

"आई, पाय उचला की जरा. तुमच्या मागे चालता चालता माझेही केस पिकले."

"पिकू देत. मग तरी गप्प बसशील."

"मी गप्प बसले तर तुम्ही भांडाल कुणाशी? भिंतीशी?"

"भिंत उलट बोलत नाही, तेवढं तरी सुख."

बायका खिदळायच्या. सासू-सुनेचं हे रोजचंच होतं. म्हातारीला ते आवडत नव्हतं असं ती सगळ्यांना सांगायची, आणि सून एखाद्या दिवशी माहेरी गेली की दिवसभर कुणाच्या तरी अंगावर खेकसत फिरायची.

सकाळचा चहा होऊन कामाला नुकतीच सुरुवात झाली होती. ट्रक एका बाजूला कलता उभा होता म्हणून ड्रायव्हरने तो जरा पुढे घेतला. ट्रकच्या बाजूचा लोखंडी फाळका वर उचलून आकड्याला अडकवलेला होता. ट्रकला हिसका बसला, आकडा निसटला आणि फाळका धाडकन खाली आला. सून तेव्हा फाळक्याखाली वाकून डोक्यावरच्या विटा सावरत होती. आवाज आला तो विटा फुटल्याचा. माणूस पडल्याचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही.

म्हातारी वळली तर सून विटांच्या तुकड्यांत आडवी पडलेली. डाव्या कानाच्या वर फुटलं होतं, पण रक्त फार नव्हतं. डोळे अर्धवट उघडे आणि त्यांत काहीच नव्हतं.

"अगं बाई! अगं ए!" म्हातारीने तिचे खांदे धरून गदागदा हलवले. कुणीतरी घागर आणून तोंडावर रिकामी केली. सुनेने मोठा श्वास घेतला, डोळे मिचकावले आणि उठून बसली.

"कुणी मारलं मला?"

"फाळका पडला."

"त्याला म्हणावं, घरी जाऊन स्वतःच्या बायकोला मार."

सगळे इतके मोठ्याने हसले की भट्टीच्या माथ्यावरून जळाईवाल्याने वाकून खाली पाहिलं. जळाईवाला म्हणजे म्हातारीचा मुलगा, रेडिओचा नवरा. भट्टीच्या वरच्या भोकांतून कोळसा सोडत आच सांभाळायची, हे त्याचं काम. पायाखालची भट्टी तापलेली, म्हणून पायात लाकडी तळाच्या चपला. बायको उठून बसलेली दिसली तसा तो परत फावड्याकडे वळला.

"चढून दाखव," कुणीतरी म्हणालं.

ही भट्टीवरची रीत होती. कुणाला चक्कर आली, ऊन लागलं, पाय मुरगळला, मार बसला, की त्याने रिकाम्या डोक्याने फळी चढून दाखवायची. नीट चढला तर कामाला लागायचं, पाय डळमळला तर दिवसभर सावलीत बसायचं. मुकादमसुद्धा यात वाद घालायचा नाही. दारू प्यायलेला फळीवर पकडला जायचा, आणि काम चुकवायला लंगडणाराही. डोक्याला मार बसलेल्याचं फळीला काय कळतं, हा विचार कुणाच्या मनात कधी आला नव्हता.

"हां, चढून दाखव," म्हातारीही म्हणाली. तिची धास्ती अजून गेलेली नव्हती. फळीने एकदा सांगितलं असतं तर गेली असती.

सुनेने जखमेवर फडकं बांधलं, कमरेवर हात ठेवला आणि नवरी मांडवात निघावी तशी ठुमकत फळी चढली. मधोमध जिथे फळी लवते तिथे मुद्दाम दोनदा उडी मारली. वर पोचून तिने सगळ्यांना हात जोडले. बायकांनी टाळ्या पिटल्या.

"झालं? बघितलंत? आता नाटक पुरे, उतर खाली," म्हातारी म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

*

ट्रक अर्धा भरला तोवर सून बोलायची थांबली होती. म्हातारीच्या ते लगेच लक्षात आलं नाही. काहीतरी बरं वाटतंय एवढंच तिला जाणवलं. मग तिने मागे पाहिलं तर सून विटांच्या ढिगाआड वाकून ओकत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. डोकं ठणकतंय. मळमळतंय."

बाजूच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने पदर तोंडाला लावला. "मावशी, हे काही फाळक्याचं दुखणं नाही हो. तुम्ही झबली शिवायला घ्या आता."

म्हातारी आधी समजलीच नाही. समजली तेव्हा तिला काय करावं सुचेना. लग्नाला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिने सुनेला तोंडावर कधी विचारलं नव्हतं, पण मनातल्या मनात एक दिवस सोडला नव्हता.

"होय गं?" तिने हळूच विचारलं.

"काय माहीत," सून म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते. "मला आधी पडू द्या जरा."

"पड, पड. जा खोपीत. तुझ्या वाटचं मी वाहते."

आणि खरंच म्हातारीने त्या दिवशी दोघींच्या विटा वाहिल्या. गुडघे कुरकुरायचं विसरले. मधेच तिला राहवलं नाही, ती भट्टीच्या पायऱ्या चढून वर गेली. वर आच नुसती चेहऱ्यावर येत होती. मुलगा भोकाचं झाकण काढून आत डोकावत होता.

"ऐकलंस का? तुझी बायको ओकतेय," म्हातारी हसत म्हणाली.

"मग? उन्हाने असेल."

"ठोंब्या! उन्हाने म्हणे." तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हसतच खाली उतरली. मुलाच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. मग तोही एकटाच हसत फावडं मारू लागला.

जेवणाची सुट्टी झाली तशी म्हातारी लिंबाचं पाणी घेऊन खोपीकडे गेली. दारातच थबकली. आतून घोरण्याचा आवाज येत होता. सून कधी घोरायची नाही. आणि हे घोरणं झोपेतलं नव्हतं. मडक्यातलं पाणी संपत आल्यावर बुडबुडतं तसं काहीतरी घशात बुडबुडत होतं.

"ए, उठ. लिंबू-पाणी घे."

सुनेने एक डोळा उघडला. "दिवा... बंद करा." शब्द जिभेला चिकटून आले.

खोपीत दिवा नव्हताच. दारातून आलेला ढगाळ उजेड तेवढा होता.

"कुठला दिवा गं? अगं, उठ ना. बोल की काहीतरी."

सून बोलली नाही. म्हातारीने तिचा उजवा हात उचलला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. म्हातारीच्या हातातलं पाणी सांडलं. ती मुकादमाच्या नावाने किंचाळत बाहेर धावली.

*

ट्रक भरून निघून गेला होता, भट्टीचा टेम्पोही सकाळीच माल घेऊन गेला होता. उरला होता एक ट्रॅक्टर. ट्रॉलीत राख भरलेली होती, ती आधी उपसावी लागली. तळाशी उरलेल्या राखेवर पोती, पोत्यांवर गोधडी, गोधडीवर सून. म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

मुलगा भट्टीच्या कडेला येऊन उभा होता. त्याच्या जोडीचा जळाईवाला सुट्टीवर होता, संध्याकाळी येणार होता. पेटलेली भट्टी सोडून जाता येत नाही. आच मधेच उतरली तर आतला सगळा माल वाया, आणि वाढली तर विटा वितळून गोळा होतात.

"तू हलायचं नाहीस!" मुकादम खालून ओरडला. "मावशी आहे, मी आहे. दवाखान्यात नेतोय, काही होत नाही!"

ट्रॅक्टर वळणावर जाईपर्यंत मुलगा फावडं घेऊन तिथेच उभा असलेला म्हातारीला दिसत होता.

रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला सुनेचं डोकं मांडीवरून उडायचं आणि म्हातारी ते दोन्ही हातांनी दाबून धरायची. दाबावं की दाबू नये हेही तिला कळत नव्हतं. ती सारखी बोलत होती. "झोपू नकोस. मला शिव्या दे. सकाळी काय म्हणत होतीस, पाय उचला म्हणून? म्हण की आता." सुनेच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती.

मुकादम शेजारी उकिडवा बसला होता. तो काही वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता.

"मावशी, ऐका. भट्टीवर लागलं असं म्हणू नका. पोलीस केस होते, कागद रंगवत बसतात, तोवर पेशंटला हात लावत नाहीत. घरी मोरीत पाय घसरला म्हणा. आणि आत्ताच पडली म्हणा. सकाळचं सांगितलं तर म्हणतील इतका वेळ काय करत होतात."

"लवकर बघतील ना पण?"

"तेच तर सांगतोय. लवकर बघतील."

म्हातारीने मान हलवली. तिला लवकर एवढंच ऐकू आलं होतं.

दवाखाना बाजारपेठेच्या गावात होता. लांब पडवी, पडवीत बाकं, बाकांवर खोकणारी माणसं. स्ट्रेचर आलं. डॉक्टर तरुण होता, सकाळपासून उभा असावा. त्याने सुनेच्या पापण्या वर करून घाईघाईने बॅटरी मारली, नाडी बघितली.

"कधी लागलं?"

मुकादम म्हातारीकडे बघत होता.

"आत्ताच. तासभर झाला. घरी पाय घसरला."

"उलटी?"

"झाली. पण ती... तिला दिवस गेलेत बहुतेक."

हे म्हणताना म्हातारीच्या आवाजात नको ती आशा आली. दिवस गेलेत म्हटल्यावर डॉक्टर जरा थांबला. "मग डोक्याचा स्कॅन आधी नको. लघवीची तपासणी करून घेऊ. मार लागल्यावर थोडी गुंगी असतेच. टाके घालतो, सलाइन लावतो. लक्ष ठेवू, आणि बदल वाटला तर स्कॅन करू."

"म्हणजे काळजीचं काही नाही ना डॉक्टर?"

"बघू," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

मुकादमाने सुटकेचा श्वास टाकला, ट्रॅक्टर परत न्यायला हवा म्हणाला आणि निघून गेला. म्हातारी स्टुलावर बसली. समोर सलाइनचे थेंब पडत होते. दवाखान्यात आलो, सुई टोचली, टाके पडले, आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण ते घोरणं वाढत होतं. मधेच थांबायचं, म्हातारी श्वास रोखायची, आणि मग एकदम फुरफुरून परत सुरू व्हायचं.

एक जाडजूड नर्स सलाइन बघायला आली आणि तिथेच खिळली.

"ही नेहमी अशी घोरते का हो?"

"नाही."

"तासाभरापूर्वी पडली ना? तेव्हापासून अशीच आहे, की मधे बरी होती?"

बरी? म्हातारीला फळीवर उड्या मारणारी सून दिसली. हात जोडून हसणारी. खरं सांगितलं तर पोलीस येतील. हे लोक सुनेला तशीच टाकून आधी तिलाच विचारत बसतील. भट्टीवरून सगळ्यांना हाकलतील, पोराचं काम जाईल. आणि तुम्ही काय करत होतात, असं विचारलं तर काय सांगायचं? फळीवर नाचवत होतो म्हणून?

नर्सने सुनेची डावी पापणी वर केली. मग उजवी. मग परत डावी. तिचा चेहरा बदलला. "आजी, इकडे बघा. ही बाहुली केवढी झालीय बघा."

म्हातारीने पाहिलं. डाव्या डोळ्यातलं काळं सगळीकडे पसरलं होतं. उजवा डोळा माणसाचा होता, डावा कुणाचा होता कुणास ठाऊक. ती उठली. पडवीतल्या बाकांवरून, लोकांच्या पिशव्यांवरून धडपडत ती डॉक्टरच्या टेबलापर्यंत गेली आणि त्याचं मनगटच धरलं.

"मी खोटं बोलले. आत्ता नाही लागलं. सकाळी लागलं. भट्टीवर ट्रकचा फाळका डोक्यात बसला. शुद्ध गेली होती. मग उठली, चांगली हसली-बोलली, कामही केलं. मग ओकली, मग झोपली ती ही अशी. मला कुठेही न्या, काय लिहायचं ते लिहा, पण तिला बघा. पाया पडते तुमच्या."

डॉक्टर उठला तो खुर्ची मागे पाडूनच. "मधे बरी होती? हे आधी सांगायचं ना, आजी!" एवढंच तो म्हणाला. पण तो धावत होता, आणि त्याला धावताना बघून म्हातारी जेवढी घाबरली तेवढी ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती.

स्कॅनवाला जेवायला गेला होता. त्याला बोलावून आणेपर्यंत लघवीच्या तपासणीचं उत्तर आलं. दिवस वगैरे काही गेलेले नव्हते. म्हातारीला ते कुणीतरी चालता चालता सांगितलं. वाईट वाटून घ्यायलाही तिला सवड नव्हती.

स्कॅनच्या फोटोत कवटीच्या आतल्या बाजूला पांढरा फुगवटा दिसत होता. "हे रक्त आहे," डॉक्टर म्हणाला. "हाडाच्या आत साठत चाललंय आणि मेंदूला दाबतंय. कवटी उघडून काढावं लागेल."

"मग काढा ना."

"इथे मेंदूचा सर्जन नाही, आजी. मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागेल. मी फोन करतो." त्याने केला. आधी बेड नाही म्हणाले. त्याने दुसरीकडे केला, परत पहिल्या ठिकाणी केला, आवाज चढवला. बेड निघाला. मग अॅम्ब्युलन्स नव्हती. ती एका बाळंतिणीला सोडायला गेली होती. म्हातारी फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीसाठी तिचा जीव वर यायचा आणि गाडी सरळ निघून जायची.

*

अॅम्ब्युलन्समध्ये तीच जाडजूड नर्स बरोबर आली. सुनेच्या तोंडाला नळी लावून ती रबरी पिशवी दाबत होती. म्हातारी सुनेचे पाय धरून बसली. पाय थंड होते आणि त्यांना अजून भट्टीची राख लागलेली होती.

"सगळं औषध दिलंय. सूज थोडी उतरेल," नर्स म्हणाली. "पण रक्त काढल्याशिवाय काही खरं नाही."

"वाचेल ना?"

नर्सने पिशवी दाबली, सोडली. "ड्रायव्हर, जरा चेपा हो!"

नदीवरच्या अरुंद पुलावर गाडी थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, परत वाजवला. पुलाच्या मधोमध एक वाळूचा ट्रक आणि समोरून आलेली एक बस नाकाला नाक लावून उभी होती. मागे कोण जाणार यावर दोघांची जुंपली होती. दोघेही खाली उतरून हातवारे करत होते. बसमधले लोक खिडक्यांतून सल्ले देत होते.

म्हातारीने दार उघडलं आणि उतरली. कुरकुरत्या गुडघ्यांनी ती धावत गेली. धावताना तिने एक दगड उचलला होता, हे तिला नंतर नर्सने सांगितलं.

"घे मागे! मुडद्या, घे मागे तो डबा!" ती वाळूच्या ट्रकवाल्याच्या अंगावरच गेली. "माझी सून मरतेय आत! तुझी आई असती तर उभा राहिला असतास का असा कमरेवर हात ठेवून?"

"अहो पण मावशी, आधी हा..."

"हा नाही आणि तो नाही! घेतोस का फोडू काच?"

तो मुकाट्याने चढला आणि ट्रक मागे घेतला. बसवाल्याने बस कठड्याला खेटवली. अॅम्ब्युलन्स दोघांच्या मधून निघाली. म्हातारी परत सुनेच्या पायांशी बसली. दात वाजत होते. तिने तोंडात पदर कोंबला.

"आजी, रडू नका," नर्स म्हणाली.

"रडत नाही मी. भीती वाटतेय मला."

नर्सने एका हाताने पिशवी दाबत दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला. तीही घामाने निथळत होती.

मोठ्या हॉस्पिटलच्या दाराशी माणसं वाट बघत उभी होती. त्या दिवसभरात वेळेवर झालेली ही एकच गोष्ट. सर्जन बाई होत्या, ठेंगण्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी चालता चालताच विचारलं, "कधी लागलं?"

"सकाळी चहानंतर," म्हातारीने एका दमात सांगितलं. "डाव्या बाजूला लोखंडी फाळका. शुद्ध गेली, परत आली. मग कामही केलं. आम्ही फळी चढायला लावली, तीही चढली. मग ओकली. आम्हाला वाटलं दिवस गेले. मग झोपली. पहिल्या दवाखान्यात मी खोटं सांगितलं, त्यात वेळ गेला."

बाई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "इथे अंगठा द्या," म्हणाल्या. केस तिथेच पॅसेजमध्ये कापायला सुरुवात झाली होती. मोठं दार उघडलं आणि सुनेला घेऊन बंद झालं.

पहिल्या दवाखान्यात चौकशी करून मुलगा इथे पोचला तो दिवस मावळताना. लांबूनच लाकडी चपलांचा खटखट आवाज आला आणि म्हातारीने मान वर केली. तोंडावर कोळसा, डोळे लाल.

"भट्टी?" तिने विचारलं.

"सोडून आलो. विझली तर विझली." तो तिच्यासमोर उभा राहिला. "आई, ती सकाळी पडली होती ना?"

"हो."

"तू मला सांगायला वर आलीस तेव्हा तिला त्रास होत होता ना?"

"हो रे."

"तू हसत आली होतीस, आई."

तो तिला रागावला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला, तिच्या पायांजवळ फरशीवर, आणि दोघंही त्या मोठ्या दाराकडे बघत राहिली.

*

रक्त काढलं. सून वाचली. "जीव वाचला आहे," बारीक आवाजाच्या बाई म्हणाल्या. "पण मेंदूवर दाब बराच वेळ होता. किती परत येईल ते ती जागी झाल्यावर कळेल."

ती तिसऱ्या दिवशी जागी झाली. डोक्याला पांढरं बांधलेलं, तोंड सुजलेलं, डाव्या डोळ्याभोवती निळं पडलेलं. पण दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. म्हातारीने आधी त्याच पाहिल्या. सुनेनेही तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. ते ओळखणं डोळ्यांत इतकं उघड होतं की म्हातारीला हुंदका आवरेना. सुनेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, घशातून आवाज आला, पण शब्द झाला नाही. तिने परत प्रयत्न केला. परत नुसता आवाज. तिच्या कपाळावर घाम फुटला. काय होतंय ते तिला कळत होतं आणि ती भेदरून सासूकडे बघत होती.

"होईल, हळूहळू होईल," म्हातारी म्हणाली. "घाई काय आहे? जन्मभर बोललीस, चार दिवस विश्रांती दे जिभेला."

बाई आल्या. त्यांनी तळव्यांना टोचून बघितलं, गुडघे वाकवून बघितले. मग दोघींच्या मधे उभ्या राहिल्या. "आजी, तुम्ही तिच्या हातात तुमची दोन बोटं द्या. परक्यापेक्षा घरच्या माणसाला जोर लावतात. आधी डावा हात."

म्हातारीने बोटं दिली. "दाब गं."

सुनेने दाबली. इतकी जोरात दाबली की नखं रुतली. म्हातारी "आई गं" म्हणाली, आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा असलेला मुलगा हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"छान. आता उजवा."

म्हातारीने उजव्या हातात बोटं ठेवली. हात उबदार होता. विटा उचलून उचलून तळव्याला पडलेले घट्टे तिला बोटांखाली लागत होते.

"दाब."

सुनेने जोर लावला. मानेची शीर ताठ झाली, दात ओठांवर आले, डाव्या हाताची मूठ आपोआप वळली. उजवी बोटं म्हातारीच्या बोटांभोवती तशीच पडून राहिली. म्हातारी वाट बघत होती. कुठे एखादं बोट जरा तरी हलतंय का म्हणून ती सगळा जीव आपल्या बोटांत आणून वाट बघत होती. सून तिच्या तोंडाकडे डोळे लावून होती. आपला हात काय करतोय हे तिला स्वतःला कळत नव्हतं. ते ती सासूच्या चेहऱ्यावर शोधत होती.

"दाबलं का आजी?" बाईंनी विचारलं.

मुलगाही तिच्याकडेच बघत होता. हो म्हणणं फार सोपं होतं. हो शब्द म्हातारीच्या ओठांपर्यंत आला होता. थोडंसं दाबलं, जाणवलं मला, असं म्हटलं असतं तर या पोरीच्या डोळ्यांतली भीती निदान आजच्यापुरती गेली असती.

"नाही," म्हातारी म्हणाली. "अजिबात नाही दाबलं."

सुनेच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानामागे गेलं. बाईंनी मान हलवली आणि उद्यापासून त्या हाताचा व्यायाम सुरू करायला सांगितला. म्हातारीने बोटं काढून घेतली नाहीत. तिने सुनेची उजवी बोटं आपल्या दुसऱ्या हाताने एकेक करून मिटवली आणि म्हणाली, "परत. परत दाब."